लांब पल्ल्याच्या शर्यतीत वेळेचा अंदाज

मैलाचा दगड अंतर सांगतो, वेळ सांगत नाही. हुबळीहून धारवाड सुमारे वीस किलोमीटर आहे, हे आपल्या शाळेतील लहान मुलासही ठाऊक असते; परंतु हाच रस्ता धावत गेल्यास किती वेळात संपेल, असे विचारले असता मोठी माणसेही थबकतात. आमच्या घरची बोली कोकणी. घाटाखालच्या आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना एखादे गाव किती दूर आहे असे विचारावे, तर ती मैल किंवा कोस न सांगता ‘दोन तासांची वाट’ एवढेच सांगत. शहरी माणसास या उत्तराचे हसू येते. वस्तुतः त्यात पुष्कळ शहाणपण असते. त्या दोन तासांत वाटेतली चढण, ओढ्याचे पाणी, दुपारचे ऊन आणि डोक्यावरचे ओझे ही सारी आधीच जमेस धरलेली असतात. नुसत्या अंतरात यांपैकी काहीच नसते.

क्रीडामहोत्सव जवळ आला म्हणजे मैदानावर एक वाक्य हमखास कानी पडते: ‘अमुक अंतर मी अमुक वेळात तोडीन.’ हे वाक्य पुष्कळदा अंदाज नसतेच. ती इच्छा असते. इच्छा बाळगणे वाईट नव्हे, पण तिलाच हिशेब समजून जो धावू लागतो, त्याची अर्ध्या वाटेवर फार केविलवाणी स्थिती होते. म्हणून लांब पल्ल्याच्या शर्यतीत स्वतःच्या वेळेचा अंदाज कसा बांधावा, हे या लेखात आम्ही क्रमाने मांडणार आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. तेव्हा येथील गणित आठवीच्या विद्यार्थ्यास झेपेल त्याहून अवघड असणार नाही, याची वाचकांनी खात्री बाळगावी.

बेळगावचा धावपटू

आरंभ आपल्या शेजारच्याच एका धावपटूपासून करू. डेक्कन जिमखाना ही पुण्याची संस्था १९०६ साली स्थापन झाली. तिच्या मैदानी शर्यतींत खेड्यापाड्यांतील शेतकरी तरुण अनवाणी धावत असत. सर दोराबजी टाटा यांनी त्या शर्यती पाहिल्या. या तरुणांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या आहेत असे त्यांना आढळले, आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस भारताचा पहिला संघ गेला. या संघात बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या मॅरेथॉन शर्यतीत ते धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत १९ वे आले. त्यांचे सहकारी सदाशिव दातार यांना ती शर्यत पूर्ण करता आली नाही. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले.

आता एक प्रश्न. चौगुले यांची ही वेळ आजच्या मॅरेथॉनच्या वेळेशी ताडून पाहता येईल काय? पुष्कळ जण तत्काळ ‘होय’ म्हणतील. पण अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा होता. आजची मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरांची असते. हे अंतर १९०८ साली लंडन येथे प्रथम धावले गेले आणि १९२१ साली कायमचे ठरले. म्हणजे चौगुले आजच्या धावपटूपेक्षा अर्ध्या किलोमीटराहून अधिक धावले. तेव्हा आपला पहिला नियम असा: वेळेकडे पाहण्यापूर्वी अंतर नेमके किती, ते विचारावे.

अंतरे निरनिराळी असली, तर तुलनेसाठी एक समान माप हवे. ते माप म्हणजे एका किलोमीटरास लागलेला वेळ. चौगुले यांची एकूण वेळ सेकंदांत मांडली तर १०,२४५.४ सेकंद होते. तीस ४२.७५ ने भागले असता दर किलोमीटरास सुमारे २४० सेकंद, म्हणजे जवळजवळ बरोबर चार मिनिटे येतात. याच चालीने ते ४२.१९५ किलोमीटर धावले असते, तर सुमारे २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंदांत पोहोचले असते. कोलेमाइनेन यांना दर किलोमीटरास सुमारे २१४ सेकंद लागले. दोघांतील फरक किलोमीटरामागे साडेपंचवीस सेकंदांचा. हा फरक किती क्षुल्लक वाटतो! पाणी पिण्यास माणूस थांबला तरी एवढा वेळ जातो. परंतु तो ४२.७५ वेळा साठत गेला आणि शेवटी १८ मिनिटांहून अधिक झाला. लांब पल्ल्यात क्षुल्लक असे काही राहत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी येथेच मनात पक्की करावी.

हे अंतर डोळ्यांपुढे आणावयाचे असेल तर अशी कल्पना करा: हुबळीहून निघून धारवाडास जावे, तसेच माघारी हुबळीस यावे, आणि त्यावर आणखी पावणेतीन किलोमीटर धावावे, आणि हे सर्व करताना एका किलोमीटरासही सरासरी चार मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये. जिल्ह्याच्या शर्यतीत एकच किलोमीटर चार मिनिटांत धावणाऱ्या मुलास आपण टाळ्या देतो. एकोणिसाव्या क्रमांकास पदक नसते हे खरे. परंतु हा हिशेब मांडल्यावर त्या एकोणिसाव्या क्रमांकाचे मोल कळते.

साधे त्रैराशिक का चुकते

आता आपल्या स्वतःच्या अंदाजाकडे वळू. समजा, एक विद्यार्थी ५ किलोमीटर पूर्ण जोराने ३० मिनिटांत धावतो. त्याला हुबळीहून धारवाडापर्यंतचे २० किलोमीटर धावण्यास किती वेळ लागेल? त्रैराशिक सांगते: अंतर चौपट, म्हणून वेळही चौपट, उत्तर १२० मिनिटे. हे उत्तर अंकगणिताच्या वहीत बरोबर आणि रस्त्यावर चूक आहे. कापडाच्या चौपट वारांस चौपट पैसे पडतात, कारण शेवटचा वार पहिल्या वारासारखाच असतो. धावण्यातला शेवटचा किलोमीटर पहिल्यासारखा नसतो.

याचे कारण शरीराच्या व्यवहारात आहे. जोराने धावताना स्नायूंना मुख्यतः साखरेपासून शक्ती मिळते. ही साखर ग्लायकोजेन या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठवलेली असते. हा साठा प्रौढ माणसात साधारणपणे २००० किलोकॅलरींच्या आसपास असतो. धावताना एक किलोमीटरास शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसास मॅरेथॉनसाठी अशा रीतीने अडीच हजारांच्या वर किलोकॅलरी लागतात. साठा दोन हजारांचा आणि खर्च अडीच हजारांचा. मधली तूट चरबीतून भरून निघते, पण चरबीतून शक्ती मिळण्याची क्रिया संथ असते. शिवाय जितके वेगाने धावावे, तितका साखरेचा वाटा वाढतो. तिसाव्या किलोमीटराच्या पुढे अनेक धावपटूंचे पाय एकाएकी जड होतात, ते यामुळे. जो आरंभी उधळेपणाने धावतो, त्याचा कोठा लवकर रिकामा होतो.

तेव्हा अंतर वाढले म्हणजे चाल थोडी मंदावणारच. किती मंदावेल, याचा एक उपयुक्त नियम पीटर रीगल या अमेरिकन अभियंत्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केला. निरनिराळ्या अंतरांच्या शर्यतींतील उत्तम वेळा शेजारी शेजारी मांडून त्यांनी त्यातील क्रम शोधला. त्यांचे सूत्र घातांकांचे आहे. पण त्याचे सार असे सांगता येते की अंतर दुप्पट झाले असता वेळ दुप्पट न होता सुमारे २.०८५ पट होते. म्हणजे प्रत्येक दुपटीस चाल साधारण सव्वाचार टक्क्यांनी उतरते.

आपल्या विद्यार्थ्यास हा नियम लावून पाहू. ५ किलोमीटरांस ३० मिनिटे. म्हणून १० किलोमीटरांस ३० गुणिले २.०८५, म्हणजे ६२ मिनिटे ३३ सेकंद. पुन्हा एकदा दुप्पट केल्यास २० किलोमीटरांस सुमारे १३० मिनिटे २४ सेकंद. त्रैराशिकाच्या उत्तरापेक्षा हे दहा मिनिटांहून अधिक आहे. दर किलोमीटराची वेळ सहा मिनिटांवरून सहा मिनिटे ३१ सेकंदांवर गेली. हा नियम सुमारे साडेतीन मिनिटांपासून पावणेचार तासांपर्यंतच्या शर्यतींस लागू पडतो, त्याहून दीर्घ श्रमास तो लावू नये. आणखी एक अट अशी की धावणाऱ्याने त्या लांब पल्ल्याचा पुरेसा सराव केलेला असावा. ज्याने आयुष्यात कधी आठ किलोमीटरही धावून पाहिले नाहीत, त्याच्या बाबतीत कोणतेही सूत्र खोटे ठरेल. सूत्र तुमच्या तयारीचा हिशेब मांडते; तुमच्या ऐवजी तयारी करीत नाही.

चढ, उतार आणि सरासरी

वरील आकडा सपाट रस्त्याचा आहे. आपला रस्ता सपाट नाही. धारवाड हुबळीपेक्षा उंचावर वसलेले आहे. त्यामुळे हुबळीहून धारवाडास जाणाऱ्यास एकंदरीत चढ लागतो, आणि परतणाऱ्यास उतार. येथे विद्यार्थी आणखी एका भ्रमात पडतात. त्यांना वाटते, जाताना जे गमावू ते येताना भरून काढू.

उदाहरणापुरते असे समजा की कोणी १० किलोमीटर चढ ताशी ८ किलोमीटरांच्या वेगाने चढला आणि तेच १० किलोमीटर ताशी १२ किलोमीटरांच्या वेगाने उतरला. सरासरी वेग किती? दहा, असे वर्गातील निम्मे हात वर करून सांगतील. आता वेळा मांडू. चढास ७५ मिनिटे, उतारास ५० मिनिटे. एकूण २० किलोमीटरांस १२५ मिनिटे. म्हणजे सरासरी वेग ताशी ९.६ किलोमीटर. दहाच्या वेगाने १२० मिनिटे लागली असती. येथे ५ मिनिटे अधिक लागली. असे का व्हावे? कारण चढावर धावपटू अधिक वेळ असतो आणि उतारावर कमी वेळ. त्यामुळे मंद वेगाचे वजन सरासरीत जास्त पडते. म्हणून नियम असा: वेगांची बेरीज करू नये, वेळांची करावी. साताऱ्यास २०१२ पासून डोंगरातील अर्ध-मॅरेथॉन होते. तिचा मार्ग यवतेश्वराच्या घाटाने वर जातो आणि पुन्हा शहरात उतरतो. अशा शर्यतीसाठी तयारी करणाऱ्याने चढाची वेळ आणि उताराची वेळ वेगवेगळी मोजून ठेवली नाही, तर त्याचा अंदाज पहिल्याच वळणावर कोलमडेल.

टप्पे पाडण्याची ही रीत आपल्या लोकांस नवी नाही. आळंदीहून पंढरपूरला जाणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट चालते. अंतरास दिवसांनी भागून रोज सारखेच चालावे, असा कोरा हिशेब तेथे नाही. कोठे विसावा, कोठे मुक्काम, दिवे घाटाच्या चढाचा दिवस कोणता, कोणत्या गावी अधिक थांबावयाचे, हे सारे परंपरेने ठरलेले आहे. म्हणूनच वृद्ध स्त्रियाही त्या मेळ्याबरोबर आषाढी एकादशीपूर्वी पंढरीस पोहोचतात. धावपटूनेही आपला मार्ग असाच पाहावा. हुबळी ते उणकल तलाव, उणकल ते नवनगर, नवनगर ते सत्तूर, सत्तूर ते धारवाड, असे टप्पे मनाशी पाडावेत; प्रत्येकाचा चढउतार पाहावा; प्रत्येकास वेगळी वेळ द्यावी, आणि मग त्यांची बेरीज करावी. हा रस्ता वाहनांच्या गर्दीचा आहे. तेव्हा विद्यार्थ्यांनी ही मांडणी कागदावरच करावी, आणि सराव मैदानावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा.

हवेचा हिशेब

येथवर आपण रस्त्याचा विचार केला. आता हवेचा करू. हा भाग केवळ क्रमांकाचा नाही, प्राणाचा आहे. १४ जुलै १९१२ रोजी स्टॉकहोम येथील ऑलिंपिक मॅरेथॉन कडक उन्हात झाली. सुमारे निम्म्या धावपटूंना ती पूर्ण करता आली नाही. पोर्तुगालचे फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. जपानचे शिझो कानाकुरी हेही उन्हाने हैराण होऊन शर्यतीबाहेर पडले. वाटेवरच्या एका कुटुंबाने त्यांना आसरा दिला, आणि ते अधिकाऱ्यांस न कळविताच मायदेशी परतले.

पुढे १९६७ साली स्वीडिश लोकांनी कानाकुरी यांना सन्मानाने बोलावून ती अपुरी शर्यत पूर्ण करावयास लावली. त्यांची वेळ ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि काही सेकंद अशी नोंदली गेली. हा प्रसंग गंमतीचा खरा. पण आम्हांस त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. हेच कानाकुरी १९२० साली अँटवर्पला थंड, पावसाळी हवेत धावले आणि १६ वे आले, म्हणजे आपल्या चौगुले यांच्या तीन क्रमांक पुढे. माणूस तोच, उन्हात कोसळलेला, गारव्यात जगातील पहिल्या विसांत आलेला. धावताना शरीरात उष्णता निर्माण होते आणि ती घामाच्या वाफेबरोबर बाहेर पडते. हवा तापलेली आणि दमट असेल तर ही वाट अडते. मग शरीर चाल कमी करा असे बजावू लागते. जो ते ऐकत नाही, त्याची गत लाझारो यांच्यासारखी होऊ शकते. आपल्याकडच्या श्रावणातील सकाळी केलेल्या सरावाची वेळ एप्रिलच्या दुपारी लागू करू नये. उष्ण दिवशी ठरविलेली वेळ आधीच सैल करावी. आणि चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा येणे यांपैकी काही जाणवताच थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही.

वाटेतच अंदाज सुधारणे

कितीही काळजीने बांधलेला अंदाज शर्यत सुरू झाल्यावर जुना होऊ लागतो. तो वाटेत सुधारावा लागतो. याचे उत्तम उदाहरण आपल्याकडे नव्हे, बर्फाच्या देशांत सापडते. स्वीडनमध्ये १९२२ पासून वासालोपेट नावाची शर्यत होते. सालेन या गावाजवळून मोरा या गावापर्यंत सुमारे ९० किलोमीटरांचा हा मार्ग स्पर्धक पायांना स्की, म्हणजे लांब निमुळत्या पट्ट्या, बांधून आणि हातांतील काठ्यांनी रेटा देत, बर्फावरून घसरत कापतात. पहिल्या वर्षीचे विजेते एर्न्स्ट आल्म यांना ७ तास ३२ मिनिटे ४९ सेकंद लागले. २०२१ साली तोर्द आस्ले यर्डालेन यांनी ही शर्यत ३ तास २८ मिनिटे १८ सेकंदांत जिंकली. किलोमीटरामागे पाच मिनिटांच्या जागी दोन मिनिटे १९ सेकंद! साधने, तयार केलेली वाट, सराव आणि तंत्र यांनी हा पालट घडविला. पण एकाच स्पर्धकाची वेळसुद्धा वर्षागणिक फार बदलते, कारण बर्फ कधी घट्ट आणि निसरडे असते, कधी ओले आणि जड, तर फार थंडीत वाळूसारखे खरखरीत. सकाळी निघताना ‘आज आठ तास’ असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग तो काय करतो? वाटेत ठाणी असतात. तेथे तो गेल्या वर्षीच्या आपल्या वेळेशी आजची वेळ ताडून पाहतो. समजा, गेल्या वर्षी मधल्या ठाण्यावर तो ४ तासांत पोहोचला होता आणि शर्यत ७ तास ४० मिनिटांत संपली होती. आज त्याच ठाण्यावर त्यास साडेचार तास लागले. तो म्हणेल, ‘अर्धा तास उशीर झाला, म्हणून ८ तास १० मिनिटांत पोहोचेन.’ हे चूक आहे. जड बर्फ पुढेही जडच राहणार. आजचा वेळ गेल्या वर्षीच्या सव्वाअकरा नव्हे, तर साडेबारा टक्क्यांनी जास्त आहे. तेव्हा एकूण वेळही तितकीच वाढेल. ४६० मिनिटे गुणिले १.१२५, म्हणजे सुमारे ८ तास ३७ मिनिटे. उशीर हा बेरजेने नव्हे, गुणाकाराने पुढे जातो. आपल्या तांबड्या मातीच्या रस्त्यावर बर्फ नाही. पण पावसाने झालेला चिखल आणि समोरून वाहणारा वारा यांना हाच नियम लागू आहे.

याच्या उलट, वाटेत आपण ठरल्यापेक्षा पुढे आहोत असे दिसले तर? नवखा धावपटू येथे हर्षभरित होतो. आपल्या विद्यार्थ्याचे उदाहरण पुन्हा घेऊ. २० किलोमीटरांसाठी त्याची ठरलेली चाल दर किलोमीटरास ६ मिनिटे ३१ सेकंद. म्हणजे अर्ध्या वाटेवर तो ६५ मिनिटे १० सेकंदांच्या सुमारास असावयास हवा. तो तेथे ६२ मिनिटे ३० सेकंदांतच पोहोचला. छान! पण वर आपण काढलेला १० किलोमीटरांचा आकडा आठवा: ६२ मिनिटे ३३ सेकंद. तो त्याच्या पूर्ण शक्तीचा आकडा होता. म्हणजे या मुलाने अर्ध्या वाटेवरच सारी शक्ती खर्चून टाकली, आणि पुढचे दहा किलोमीटर त्याने उधारीवर काढावयाचे आहेत. ही उधारी फार महाग पडते. समजा, तो पहिले पाच किलोमीटर ३१ मिनिटांत धावला, दुसरे पाच ३१ मिनिटे ३० सेकंदांत, तिसरे ३७ मिनिटांत आणि चौथे ४२ मिनिटांत. एकूण झाली १४१ मिनिटे ३० सेकंद. आरंभी वाचविलेली पावणेतीन मिनिटे शेवटी जवळजवळ चौदा मिनिटे घेऊन गेली.

थोर धावपटू काय करतात, तेही पाहावे. केनियाचे केल्विन किप्टम यांनी ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागो येथे २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांत मॅरेथॉन धावून त्या वेळचा जागतिक विक्रम केला. त्यांचा पहिला अर्धा भाग ६० मिनिटे ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९ मिनिटे ४७ सेकंदांत झाला. जगातील सर्वांत वेगवान माणूसही आरंभी हात राखून होता. आपल्या देशाचे शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधर येथे नोंदविलेला २ तास १२ मिनिटांचा विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. त्याची चाल दर किलोमीटरास ३ मिनिटे ८ सेकंद पडते. अशी चाल बेचाळीस किलोमीटर टिकविणे हे केवळ पायांचे काम नव्हे. त्यामागे मनाचा काटेकोर हिशेब असतो.

सारांश

आता सर्व नियम एकत्र करू. अंतर नेमके किती, ते पक्के करावे. शर्यतीच्या किमान चौथाई अंतराची, अलीकडची आणि खरोखर घड्याळावर मोजलेली आपली वेळ घ्यावी. दोन वर्षांपूर्वीची किंवा मित्राची घेऊ नये. दर दुपटीस २.०८५ ने गुणावे. मार्गाचे टप्पे पाडून चढउताराची वेळ वेगळी धरावी. उष्ण हवेसाठी वेळ सैल करावी. निघण्यापूर्वी एकच आकडा न सांगता दोन आकडे सांगावेत. आपला विद्यार्थी ‘सारे जुळून आल्यास १३० मिनिटे, न जुळल्यास १४०’ असे म्हणेल तर आम्ही त्यास खरा धावपटू म्हणू. आणि वाटेत प्रत्येक ठाण्यावर नवा हिशेब करण्याची तयारी ठेवावी.

पालकांसही आम्हांस एक विनंती करावयाची आहे. मुलगा शर्यतीहून परतला म्हणजे ‘कितवा आलास?’ हा प्रश्न आपण विचारतो. त्याबरोबर ‘किती वेळ ठरविला होतास आणि किती लागला?’ हेही विचारावे. क्रमांक इतरांच्या पायांवरही अवलंबून असतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मुलाच्या स्वतःच्या हाती असते. ठरविले १३५ आणि लागले १३६, असे शेवटच्या क्रमांकाच्या मुलाने सांगितले तर त्याने स्वतःस ओळखले आहे असे समजावे. परीक्षेचा अभ्यास, घरचा खर्च, आयुष्यातील मोठी कामे, या सर्वांत आपले बळ किती आणि वाट किती याचा प्रामाणिक अंदाज घेता येणे ही मोठी विद्या आहे, आणि ती मैदानावर इतर कोठल्याहीपेक्षा स्वस्तात शिकता येते.

स्वाध्याय

१. एक विद्यार्थिनी ३ किलोमीटर १८ मिनिटांत धावते. तिला १२ किलोमीटर धावण्यास किती वेळ लागेल, याचा अंदाज काढा.

२. एक जण ६ किलोमीटरांचा गड ताशी ४ किलोमीटरांच्या वेगाने चढतो आणि त्याच वाटेने ताशी ६ किलोमीटरांच्या वेगाने उतरतो. त्याचा सरासरी वेग काढा.

३. गेल्या वर्षी एका धावपटूस अर्ध्या वाटेवर ६४ मिनिटे आणि एकूण १३२ मिनिटे लागली. यंदा चिखलामुळे अर्ध्या वाटेवर ६८ मिनिटे लागली. तो केव्हा पोहोचेल?

उत्तरे: १. सुमारे ७८ मिनिटे १५ सेकंद. २. ताशी ४.८ किलोमीटर. ३. सुमारे १४० मिनिटे १५ सेकंद.